खडकवासल्याच्या काठी गळ टाकताना

पुणेकर खडकवासल्याला जातो तो बहुधा सिंहगडाच्या वाटेवर, आणि तोही भाजलेली कणसे खायला. पाण्याकडे तो पाहतो. पाण्यात मात्र पाहत नाही. पण गर्दी सोडून जरा पुढे चालत गेले, की काठावर दोनचार माणसे काठ्या घेऊन उकिडवी बसलेली दिसतात. यंदाच्या सुट्टीत वाचकांनी त्यांच्याजवळ घटकाभर बसून पाहावे.

आपल्या भाषेने या छंदाची नाहक बदनामी केली आहे. आमिष दाखवणे काय, गळाला लागणे काय, सारेच वाक्प्रचार लबाडीचे! वास्तविक गळ टाकणाऱ्याइतका भोळा प्राणी दुसरा नाही. चार तास तरंग्याकडे पाहून तो रिकाम्या पिशवीनिशी घरी येतो, बोलणी खातो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघतो.

सामान थोडेच लागते. कळकाची लवचीक काठी किंवा चक्री बसवलेली तयार काठी, नायलॉनची दोरी, शिशाची गोळी, लहान गळ आणि तरंगा म्हणून मोरपिसाचा देठ. मासा आमिष नुसते चाखतो तेव्हा देठ थरथरतो. तेव्हा ओढू नये. देठ तिरपा होऊन पाण्याखाली चालला, की मनगटाचा एकच हलका झटका द्यावा. काठावर पाय आपटू नयेत. माशाला अंगावरच्या रेषेतून पाण्याचे हादरे समजतात. आपली सावलीही पाण्यावर पडू देऊ नये.

तरंगा कुठे बांधावा हे माशावर ठरते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. हे तिघेही उत्तरेतल्या नद्यांचे, आपल्याकडे आणून सोडलेले. शेंगदाण्याच्या पेंडीत मळलेल्या कणकेवर खूश असतात. मरळीची तऱ्हा निराळी. ती काठच्या गवतात दबा धरते आणि हवा घ्यायला वर येते. तिला बेडूक किंवा लहान मासा हवा. पावसाळ्यात तांबूस पिलांचा घोळका दिसला तर तिथे गळ टाकू नये. खाली आईबाप राखणीला असतात. त्यांना उचलले तर घोळका उघडा पडतो.

आता या पाण्याच्या खऱ्या मालकाविषयी. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन छापले, त्यात महाशीर होता. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘खुद्री’ हा शब्द इथल्याच बोलीतला. म्हणजे हा मासा शास्त्राच्या पुस्तकात गेला तो आपल्या मुळा-मुठेच्या खोऱ्यातून! अंगावर रुपयाएवढे खवले, आणि गळ लागताच पहिली धाव अशी, की चक्री किंचाळते. पावसात तो वरच्या खडकाळ, खळाळत्या पाण्याकडे अंडी घालायला निघतो. पण १८७९ साली खडकवासल्याचे दगडी धरण पुरे झाले. ते १९६१ च्या पानशेतच्या पुरात फुटले, पुन्हा बांधले गेले. आणि आज त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर अशी तीन धरणे उभी आहेत. पुण्याला पाणी मिळाले, माशाची वाट अडली. लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण तलावाकाठी सत्तरीच्या दशकापासून महाशीराची कृत्रिम पैदास होते, तेवढाच दिलासा.

म्हणून महाशीर लागलाच तर हात ओले करून धरावा, पाण्याबाहेर फार ठेवू नये, अलगद सोडून द्यावा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून ठेवला, तर तो चटकन सुटतो. अमेरिकेत बास नावाच्या माशामागे लोक असेच वेडे आहेत. तिथल्या स्पर्धांत १९७२ पासून मासे जिवंत सोडण्याची चाल पडली. आपल्याकडे महाडजवळच्या वाळणकोंडीत महाशीर देवीचे म्हणून कोणी मारतच नाही. दोन्ही रीती मला सारख्याच पसंत आहेत.

जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी, प्रबोधिनीच्या हद्दीत शिरू नये आणि पाण्यात मुळीच उतरू नये; तळ एकाएकी खोल जातो. तुटलेली दोरी खिशात घालून आणावी, नाहीतर पाणपक्ष्यांचे पाय अडकतात.

आणि चिलापी? ती आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. पोरे तोंडात धरून वाढवते आणि सगळे पाणी व्यापते. तिला सोडण्याचे कारण नाही. लहान गळ, गांडुळाचा तुकडा, आणि घरी हळद, तिखट नि चिंचेचा कोळ तयार ठेवावा.