व हमनवा

कव्वालीच्या पोस्टरवर एक नाव मोठ्या अक्षरांत असतं. त्याच्याखाली, जागा उरलीच तर, बारीक अक्षरांत दोन शब्द: 'व हमनवा'. हमनवा म्हणजे सुरात सूर मिळवणारे. मागच्या रांगेत मांडी घालून बसणारे, टाळ्या देणारे, मुख्य कव्वालाने टाकलेली ओळ झेलून परत त्याच्याकडे फेकणारे पाच-सहा जण. माझे बडे मामू असे हमनवा होते. दिवसा मोमिनपुऱ्यात हातमाग, रात्री मैफल. ताजबागच्या उर्सात, कामठीच्या शादीघरांत, वऱ्हाडातल्या लहान-मोठ्या दर्ग्यांवर ते वीसेक वर्षं गायले. एकाही पोस्टरवर त्यांचं नाव आलं नाही. आणि त्यांच्या पार्टीने एवढ्या वर्षांत स्वतःचं म्हणावं असं एकही गाणं गायलं नाही. साबरी बंधूंचं गायलं, नुसरतसाहेबांचं गायलं, अज़ीज़ नाज़ांचं गायलं, आणि खुसरोंचं तर प्रत्येक मैफलीत गायलं.

माझ्या मुलाला हे खटकतं. तो कॉलेजात आहे, त्याचं सगळं ऐकणं मोबाईलवर. परवा उर्साचा एक व्हिडिओ बघताना म्हणाला, "अब्बू, हे सगळे कव्हरच गातात. यांचं ओरिजिनल काय आहे?" प्रश्न वाईट नव्हता. आजकाल कव्हर हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्यात थोडी तुच्छता असतेच: मूळ वस्तू परवडत नाही म्हणून घेतलेली नक्कल, तसं काहीतरी. बडे मामू आज असते तर त्यांनी दोन ओळी गाऊन उत्तर दिलं असतं. मला गाता येत नाही, म्हणून लिहितो.

सुरुवात शब्दापासूनच करू. कव्वाल हा शब्द 'कौल' या अरबी शब्दापासून आला. कौल म्हणजे वचन, बोललेली गोष्ट. कव्वाल म्हणजे ते वचन पुन्हा पुन्हा सांगणारा. म्हणजे या पेशाच्या नावातच कबुली आहे की शब्द माझे नाहीत, मी फक्त पोहोचवतो आहे. इथे स्वतःचं गाणं नसणं ही उणीव मानलीच जात नाही. समा जायज की नाजायज, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे आणि तो या लेखात मिटणार नाही. मी सांगतोय ते गाण्याच्या रीतीबद्दल.

चिश्ती सिलसिल्यातली सगळ्यांत प्रसिद्ध मैफल आठवा. दिल्लीचे हजरत कुतबुद्दीन बख्तियार काकी (र.अ.) यांचा विसाल 1235 साली झाला. तज़किऱ्यांत सांगितलं जातं की समाच्या मैफलीत एका फारसी शेरावर त्यांना हाल आला, कव्वाल तोच शेर पुन्हा पुन्हा गात राहिले, आणि त्याच अवस्थेत काही दिवसांनी त्यांनी देह ठेवला. तो शेर त्या कव्वालांचा नव्हता. तो शेख अहमद जाम यांचा होता, आणि त्यांना जाऊन नव्वदहून अधिक वर्षं झाली होती. दुसऱ्याचा, दुसऱ्या मुलखातला, जुना शेर. त्या कव्वालांना त्या रात्री कुणी विचारलं नसेल की तुमचं ओरिजिनल काय.

मग पार्टीचं कसब कशात असतं? मामूंकडून जे ऐकलं आणि पाहिलं त्यावरून सांगतो. पहिली गोष्ट गिरह. गिरह म्हणजे गाठ. मूळ कलाम चालू असताना कव्वाल मध्येच थांबतो आणि दुसऱ्याच कुणा शायराचा शेर, एखादा दोहा, कधी फारसीचा एखादा मिसरा आणतो, आणि तो अशा ठिकाणी आणून सोडतो की मुखड्याची ओळ त्याचंच पुढचं वाक्य वाटावी. गाठ बसली की ऐकणारे 'वाह' म्हणत नाहीत, आधी हसतात. गुपित उघड झाल्यावर माणूस हसतो तसं. मामूंची पार्टी 'भर दो झोली' गायची. साबरी बंधूंनी गाजवलेलं, कराचीहून कॅसेटवरून नागपूरला आलेलं. त्यातली मागणी मदिन्याच्या दरबारातली आहे. पण ताजबागला गाताना ते मध्ये बाबांच्या शानमधला एखादा दोहा घालायचे, 'ताज' या शब्दाला टोपी म्हणून एकदा आणि नाव म्हणून एकदा वळवायचे, आणि मग मूळ ओळीवर यायचे. त्या क्षणी ते गाणं कराचीचं उरत नसे. उमरेड रोडचं होत असे.

दुसरी गोष्ट तक्रार. आपल्या मराठीतली तक्रार नव्हे! कव्वालीत तक्रार म्हणजे एकाच ओळीची आवृत्ती. मैफलीत कुणाचे डोळे भरले, कुणी उठून उभं राहिलं, तर पार्टीने पुढे जायचं नाही. ती ओळ धरून ठेवायची, त्या माणसाचं समाधान होईपर्यंत. ही जबाबदारी हमनवांची. मुख्य कव्वाल आलाप घेण्यात गुंतलेला असतो. समोर काय चाललंय ते मागची रांग बघते. मामू म्हणायचे, "गाना तो उस्ताद का काम है बेटा, हमारा काम सुनना है." गाणाऱ्याचं काम ऐकणं! मला हे वाक्य तेव्हा गंमत वाटलं होतं. आता वाटतं, दुसऱ्याचं गाणं गाणाऱ्यासाठी याहून चांगली शिकवण नाही. कॅसेटवरची कव्वाली दर वेळी तेवढ्याच मिनिटांत संपते. मामूंच्या पार्टीची तीच कव्वाली कधी दहा मिनिटं चाले, कधी पाऊण तास. समोर कोण बसलंय त्यावर ते ठरायचं.

ही गोष्ट फक्त आपलीच आहे असं नाही. मुलाला पटावं म्हणून मी त्याला अमेरिकेतलं उदाहरण दिलं. तिकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यातून एक संगीत निघालं, त्याला ते 'सोल' म्हणतात. सोल म्हणजे रूहच. त्यात अटलांटा शहरातला एक गट होता: ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स. पुढे एक बाई, मागे तिचा सख्खा भाऊ आणि दोन चुलत-मावस भाऊ. नावाची रचना बघा. एक नाव मोठं, आणि मग 'अँड द पिप्स'. थेट 'व हमनवा'! 1973 साली त्यांचं 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गाणं जिम वेदरली नावाच्या माणसाने लिहिलेलं. मुळात त्यात ह्यूस्टनला जाणारं विमान होतं. सिसी ह्यूस्टन या गायिकेने ते आधी गायलं तेव्हा विमानाची आगगाडी झाली आणि ह्यूस्टनचं जॉर्जिया. मग ते ग्लॅडिसकडे आलं. ती स्वतः जॉर्जियाची. तिच्या प्रत्येक ओळीमागे ते तीन भाऊ जवाब देतात, कधी ओळ पुन्हा म्हणतात, कधी गाडीची शिट्टी होतात. ते तिघं काढून घ्या, गाणं निम्मं होईल. मुलाने ते ऐकलं आणि म्हणाला, "हे तर कव्वालीच आहे." मी काही बोललो नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. पण एक गोष्ट मला खरोखर टोचते, आणि या लेखाचं कारण तीच आहे.

दुसऱ्याचं गाणं गायला आपल्या बुजुर्गांनी पूर्ण मुभा दिली, पण सोबत एक अटही घालून ठेवली. ती अट म्हणजे मक्ता. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं तखल्लुस गुंफतो. 'छाप तिलक' सातशे वर्षं हजारो तोंडांतून गेलं असेल, पण शेवटी खुसरोंचं नाव येतंच, आणि त्यांच्या पीराचं, हजरत निजामुद्दीन औलियांचंही. गाणारा कुणीही असो, मालकाचं नाव घेतल्याशिवाय त्याला गाणं संपवता येत नाही. आपल्या वारकरी मित्रांना हे सांगायला नको. 'तुका म्हणे' आणि 'नामा म्हणे' हाच तर त्यांचा मक्ता. गावोगावची भजनी मंडळं चारशे वर्षं तुकोबांचं गाणं गातात, टाळकरी मागे हमनवांसारखेच उभे असतात, आणि त्याला कुणी कव्हर म्हणत नाही. नाव शेवटच्या चरणात शाबूत आहे ना, मग गाणं कुणाचंही होऊ शकतं.

आता मक्ताच कापला जातो. तीन मिनिटांच्या व्हिडिओत मुखडा राहतो, बाकी जातं. 'भर दो झोली' 2015 साली अदनान सामींच्या आवाजात 'बजरंगी भाईजान'मध्ये आलं, घराघरांत पोहोचलं. पण ते लिहिणारे पुरनम इलाहाबादी किती जणांना माहीत आहेत? आणि दूर कशाला जायचं. अज़ीज़ नाज़ांचं 'झूम बराबर झूम शराबी' 1974च्या 'फाइव्ह रायफल्स'मध्ये आलं. लिहिणाऱ्याचं नाव नाज़ां शोलापुरी. त्यांचीच दुसरी प्रसिद्ध कव्वाली, 'चढता सूरज'. ती 2017 साली 'इंदू सरकार'मध्ये त्यांच्या मुलाने, मुज्तबा अज़ीज़ नाज़ांनी, पुन्हा गायली. लिहिणाऱ्याचं नाव कैसर रत्नागिरवी. सोलापूर आणि रत्नागिरी! दुनियेच्या नश्वरतेवरची ती कव्वाली आज जनाज्यानंतरच्या स्टेटसवर असते, वाझात असते, रिक्षात असते. ऐकणाऱ्याला वाटतं, हे लखनौहून आलं असेल किंवा लाहोरहून. मराठी मुसलमानाला 'तुमची उर्दू उसनी आणि तुमची मराठीही उसनी' असं दोन्हीकडून ऐकवलं जातं. त्याला सांगायला एवढी दोन नावं पुरेशी आहेत. ती नावं आपणच विसरलो तर दुसऱ्याने कशाला लक्षात ठेवावीत?

नाव घेऊन गाणं हे गाणाऱ्यालाही मोठं करतं. शंकर-शंभू हे दोन हिंदू भाऊ अजमेरच्या दरबारात गायले, देशभर 'शंकर-शंभू कव्वाल' म्हणून ओळखले गेले. कलाम त्यांच्या धर्मातला नव्हता, पण त्यांनी तो अदबीने गायला आणि लोकांनी तो त्यांचाच मानला. नागपूरला हे समजावून सांगावं लागत नाही. कामठीत जन्मलेल्या बाबा ताजुद्दीनांना राजे रघुजीराव भोसल्यांनी शकरदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणून ठेवलं होतं. 1925 साली बाबांचा विसाल झाला, त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. उर्सात संदल निघतो तेव्हा चादर कुणाच्या डोक्यावर आहे हे कुणी बघत नाही. परक्याला आपलं करण्याची रीत या शहराच्या अंगवळणी पडलेली आहे.

मामूंच्या पार्टीला नज़राना मिळायचा, त्याची वाटणी व्हायची, हार्मोनियमवाल्याला जास्त, टाळीवाल्याला कमी. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. एका गोष्टीवर मात्र अडून बसायचे. रात्र कितीही झालेली असो, आयोजक घड्याळ दाखवत असो, मक्ता गायल्याशिवाय उठायचं नाही. म्हणायचे, "जिसका खाते हैं, उसका नाम तो लेंगे."

या वेळी ताजबागला जाल तेव्हा एवढंच करा. मुखडा रेकॉर्ड झाला की लगेच उठू नका, मक्त्यापर्यंत बसा. नाव नीट ऐका, आणि घरी गेल्यावर मुलांना सांगा. आणि मैफल संपून पेटी बंद होत असेल तेव्हा मागच्या रांगेत टाळी देणाऱ्या एखाद्याला त्याचंही नाव विचारा. माझ्या मामूंना ते कुणीच विचारलं नव्हतं.