उसना ताप

डोंबिवलीच्या टिळकनगरात माझी थोरली बहीण राहते. तिच्या स्वयंपाकघरात, दुधाचे खाडे मांडून ठेवण्याच्या कॅलेंडराशेजारी, एक रेघांचा कागद चिकटवलेला मला परवा दिसला, आणि त्यावरच्या एका रकान्यापाशी माझी नजर जी अडखळली ती पुढे चहा होऊन गप्पा रंगल्या तरी तेथून हलेना. जन्मभर शाळेत हजेरीपट लिहिलेल्या ताईच्या वळणदार अक्षरात त्या कागदावर तारीख, वजन, पेटीतील उष्णतामान आणि पोटात गेलेल्या पानांचा तपशील असा रीतसर जमाखर्च मांडलेला होता. आणि इंजेक्शनाच्या रकान्यात एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत सरळ बहात्तर तासांचे अंतर होते. आपल्या घरांत औषध म्हटले की सकाळ, दुपार, रात्र असा त्रिकाळ ठरलेला असतो, आणि एखादी वेळ चुकली तर घर अस्वस्थ होते. येथे रोगी असा, की एकदा टोचलेले सेफ्टाझिडीम त्याच्या देहात तीन दिवस संथपणे नांदत राहते, कारण त्या देहात सारेच संथ चालते: रक्ताचे अभिसरण, अन्नाचे पचन, जखमेचे भरून येणेही.

रोगी म्हणजे पाचू. ती इग्वाना जातीची हिरवी सरडी, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजली तर ताईच्या देवघराच्या चौरंगाहून लांब. भाचा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि जाताना ही ठेव आईच्या हवाली करून गेला. मध्य व दक्षिण अमेरिकेतील नदीकाठच्या झाडांवर ऊन खात पडून राहणारा हा जीव मध्य रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावरील एका सदनिकेत येऊन रुजला, आणि एका उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने अंडी धरली. नराचा सहवास नसतानाही इग्वानाची मादी अंडी धरते, आणि एका खेपेला वीस-तीसच काय, साठ-सत्तरपर्यंतही धरते, ही गोष्ट फार थोड्या पाळणाऱ्यांना ठाऊक असते. अंडी घालण्यासाठी तिला ओलसर मातीत खोल खणायला जागा हवी असते. ती मिळाली नाही की मादी अस्वस्थ होऊन घरभर कोपरे उकरीत फिरते, अन्न टाकते, आणि अंडी पोटातच अडकून राहिली तर जिवावर बेतते. पाचूचे तसेच झाले. ठाण्यातील एका शल्यवैद्यांनी तिचे पोट उघडून अंड्यांसकट अंडाशय काढून टाकले, आणि मग खरी परीक्षा सुरू झाली ती घरी.

शस्त्रक्रियेचा दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. त्यानंतरचे आठवडे ज्याने काढले त्याच्याच लक्षात राहतात. सरड्याच्या पोटावर मधोमध त्वचेखालून एक मोठी शीर गेलेली असते, म्हणून शल्यवैद्य छेद घेतात तो मध्यरेषेला किंचित बगल देऊन. आपल्या पोटाच्या जखमेला बळ देतात ते आतले स्नायूंचे थर. सरड्याच्या बाबतीत सारा भार त्वचेवर असतो. ती खवल्यांची त्वचा कडेने आत वळू पाहते, आणि आत वळलेल्या कडा एकमेकींना धरीत नाहीत, म्हणून टाके घालताना त्या मुद्दाम बाहेर उमलवून ठेवाव्या लागतात. माणसाचे टाके आठवड्या-दोन आठवड्यांत निघतात. हे टाके सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक ठेवतात, आणि मधे कात पडली तर डॉक्टर ती शुभ खूण मानतात. पाचूच्या जखमेचे खालचे टोक एके ठिकाणी आत वळले, उकलले आणि त्यात पू धरला. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू वाहत नाही, कारण तो विरघळवून पातळ करणारी द्रव्ये त्यांच्या पांढऱ्या पेशींत जवळजवळ नसतात. तो घट्ट होऊन बसतो आणि चिमट्याने कणाकणाने उचलून काढावा लागतो. ते काम डॉक्टरांनी केले. पुढची धुलाई, मलमपट्टी आणि पहारा ताईने अंगावर घेतला.

मी गेलो तेव्हा ती जखम धूत होती. पेटीतील माती आणि लाकडाचा भुसा काढून तेथे कोरे, पांढरे कागद अंथरले होते, जेणेकरून कण जखमेत शिरू नये आणि रक्ताचा वा पाण्याचा एक डागही नजरेतून सुटू नये. ताईने हात वरून नेला नाही; बाजूने, खालून, सावकाश नेला. पाचूच्या माथ्यावर मधोमध एक फिकट, वाटोळा खवला आहे, आणि त्याच्याखाली तिसरा डोळा आहे. त्याला आकृती दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते, आणि वरून सावली पडली की घारीची झडप आली असे तो देहाला कळवतो. कसल्याही पुस्तकाची पारायणे न करता ताईने ही रीत स्वतःच्या हाताला लावून घेतली होती. नाकपुड्यांशी साचलेले पांढरे मीठ तिने ओल्या कापसाने टिपले. हा प्राणी रक्तातील जादा क्षार शिंकरून टाकतो, ते सर्दीचे लक्षण नसते. मग तिने फुलांची परडी पुढे ओढली. "अरे, सकाळी झाडावर दोनच जास्वंदी होत्या," ती म्हणाली, "एक गणपतीला वाहिली, एक हिला ठेवली." पाचूने बराच वेळ त्या लाल पाकळ्यांकडे पाहिले, जाड गुलाबी जीभ एकदा लावून पाहिली, आणि मग एक पाकळी ओढून घेतली. ताईने उठून कागदावर नोंद केली.

या शुश्रूषेत औषधाहून मोठे स्थान आहे ते उष्णतेला. आपल्याला जंतुसंसर्ग झाला की देह आपणहून तापतो, आणि तो ताप उतरवण्यासाठी आई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवते. सरड्याला अंगची अशी भट्टी नाही. त्याला ताप हवा असेल तर चालत उन्हात जावे लागते. १९७५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी इग्वानांवर एक प्रयोग केला. जंतूंची बाधा केलेले सरडे ३४ अंशांपासून ४२ अंशांपर्यंतच्या निरनिराळ्या स्थिर उष्णतामानांत ठेवले, तेव्हा जे अधिक उष्णतेत होते त्यांतले अधिक जगले. त्याआधी याच मंडळींना असे आढळले होते की बाधा झालेला सरडा मोकळा सोडला तर तो स्वतःच अधिक ऊन जागा शोधून तेथे बसतो. ताप हा शत्रू नसून देहाने उभारलेली फौज आहे, हे वैद्यकाला पटवून देण्यात या मुक्या जीवांचा वाटा मोठा आहे. माझ्या मनाला भिडली ती याची दुसरी बाजू: बंदिस्त पेटीतल्या आजारी सरड्याला उन्हात जाता येत नाही, आणि म्हणून त्याचा ताप दुसऱ्या कोणीतरी त्याच्यापर्यंत आणून द्यावा लागतो. दिवा विझला की त्याची फौजच माघारी फिरते. पोटातले अन्न पचायचे थांबते, टोचलेल्या औषधाची चालही मंदावते. वादळी पावसाच्या एका रात्री वस्तीतली वीज गेली तेव्हा ताईने आणि मेव्हण्यांनी रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून, त्या पंच्यात गुंडाळून पेटीच्या भिंतींना लावल्या, आणि पहाटेपर्यंत पाळीपाळीने उठून त्या बदलल्या. आजारपणात आपण कपाळावरची ऊब हाताने काढून घेतो; ताई रात्रभर ती हाताने घालत होती.

सरपटणाऱ्या जीवाची कातडी आणि विस्तव हे दोन शब्द एकत्र आले की मला मात्र कल्याण आठवते. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत लग्नानंतर खंडोबाचे जागरण घालण्याची वहिवाट होती, आणि लहानपणी अशा जागरणाला आम्हां पोरांना अर्ध्या रात्रीपर्यंत बसण्याची मुभा असे. ओसरीवर उसाच्या कांड्यांची चौकट उभी राही, तिच्याखाली घट मांडला जाई, हवेत भंडाऱ्याचा कोरडा पिवळा वास पसरे, आणि मुरळीच्या हातातली घाटी किणकिणू लागे. माझे लक्ष असे वाघ्याच्या डिमडीकडे. तळहाताहून थोडे मोठे, एका बाजूने उघडे असे ते कडे, आणि त्यावर ताणून बसवलेले घोरपडीचे कातडे. पावसाळी हवेने ते सैलावे, आवाज बसे, आणि मग वाघ्या कथा अर्ध्यावर थांबवून डिमडी दिवटीच्या ज्योतीजवळ धरी, सावकाश फिरवी, मधूनच बोटाने टिचकी मारून कानाला लावी. ते कातडे ऊब पिऊन पुन्हा ताठ होताना आवाज कसा पायरीपायरीने वर चढे, ते मी श्वास रोखून ऐकत असे. एकदा त्याने ती माझ्या हातात दिली. अंगठ्याखाली बारीक, ओळीने मांडलेले खवल्यांचे दाणे लागले. कातडे इतके पातळ, की मागची ज्योत त्यातून तांबूस दिसत होती, आणि इतके चिवट, की त्या माणसाच्या बापानेही तीच डिमडी वाजवली होती. लोकसंगीतातील सगळ्या चर्मवाद्यांत डिमडीचा आवाज मला अजूनही सर्वांत सच्चा वाटतो. ढोलकीत लावण्य आहे, संबळात दरारा आहे, पण रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी थकलेल्या गळ्याला सावरून धरण्याची माया डिमडीतच आहे. गोव्याच्या घुमटावरही परंपरेने घोरपडीचेच कातडे चढे. २०१९ साली गोवा शासनाने त्याला वारसा वाद्याचा मान दिला तेव्हा तो बकरीच्या कातड्याच्या घुमटाला दिला, आणि तेच योग्य झाले. आवाज थोडा बदलला असेल. घोरपड जगली पाहिजे, याहून मोठा सूर मला माहीत नाही.

घोरपडीशी आपल्या लोकांचे नाते विलक्षण आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडाच्या कड्यावर तानाजी मालुसऱ्यांच्या मावळ्यांसाठी चढलेली यशवंती पोवाड्यातून घराघरांत पोचली. बखरीत तिचा ठाव लागत नाही, तरी लोकमानसातून ती उतरायला तयार नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याने तर आपल्या नावाची सनदच अशा एका कडा चढण्याशी जोडली आहे. आणि याच प्राण्याला तेलासाठी, मांसासाठी, कातड्यासाठी आपण शतकानुशतके मारीत आलो. 'हत्थाजोडी' नावाची एक सुकी, जोडल्या हातांसारखी दिसणारी वस्तू दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून, धनलाभासाठी देवघरात ठेवायला विकली जाते. ती घोरपडीच्या नराचे कापून वाळवलेले जननेंद्रिय असते, हे तपासणीतून सिद्ध झाले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत घोरपडीचे नाव आहे; तिला मारणे, पकडणे, पाळणे किंवा तिचा अवयव बाळगणे हा गुन्हा आहे. तरीही येऊरच्या पायथ्याला किंवा कल्याणच्या मोकळ्या शिवारात, जेथे काल माळ होता तेथे आज इमारत उभी राहते, आणि पहिल्या पावसात बिळातून बाहेर पडलेली घोरपड वाहनतळावर येऊन थबकते, तेव्हा कोणी काठी शोधतो. दुसरा कोणी फोन उचलतो. त्या दुसऱ्याची संख्या वाढताना मी याच पट्ट्यात पाहिली आहे.

इग्वाना परदेशी असल्यामुळे तिच्यावर ही बंदी नाही, पण तीही बेवारस नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत तिचे नाव आहे. २०२० साली केंद्र सरकारने असे प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत दिली. २०२२ च्या कायदादुरुस्तीने आणि त्यानंतर २०२४ च्या नियमांनी ही नोंदणी सक्तीची केली. भाच्याने ती केली आहे. ताईने तो दस्तऐवज रेशनकार्डाच्या पिशवीत, घरातल्या माणसांच्या कागदांबरोबर ठेवला आहे.

मांजर मांडीवर येते, कुत्रा शेपूट हलवतो, पोपट नाव घेतो, आणि सेवेचे मोल त्याच क्षणी चुकते होते. सरडा यातले काही करीत नाही. पाचू बरी झाली तरी ताईला ती ओळखील की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि ताईला त्याची विवंचनाही नाही. "तिला ऊब कळते, तेवढे पुरे," एवढेच ती म्हणाली. मी आजवर पाहिलेल्या शुश्रूषांत इतकी निरपेक्ष शुश्रूषा क्वचितच पाहिली.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. दुकानातल्या काचेमागचे बोटभर हिरवे पिल्लू मुलाच्या हट्टाखातर घरी आणण्याआधी हे जाणून घ्या, की ते पंधरा-वीस वर्षे जगेल, हातभराहून मोठे होईल, मादी असेल तर अंडी धरील. तिला खणायला ओली माती, अतिनील किरणांचा दिवा, वीज गेली तर उष्णतेची पर्यायी तजवीज, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर शस्त्रक्रिया करू शकणारा डॉक्टर, या चार गोष्टींचा बंदोबस्त आधी करा आणि प्राणी नंतर आणा. चारांपैकी एक जरी जमत नसेल तर आणू नका. आणि दारात घोरपड आली तर काठी घेऊ नका, मुलांना मागे घ्या आणि वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.