विमानातली खोली

लेकीने लंडनहून तिकीट पाठवले. किमतीचा आकडा मात्र अखेरपर्यंत सांगितला नाही. बाप एस. टी.त उभ्याने अकोला गाठणारा. आकडा कळला तर तेल्हाऱ्याबाहेर पाऊल टाकायचा नाही, हे तिला पक्के ठाऊक!

विमान एअर इंडियाचे, नवेकोरे एअरबस ए-३५०. २०२४ च्या १ सप्टेंबरला ते दिल्लीहून लंडनच्या वाटेला लागले. माणसे ३१६ मावतात. त्यांतली बिझनेस वर्गाची अवघी २८. रांगेत चौघेच, आणि प्रत्येकाला सरकते दार! बटण दाबले की खुर्चीचा सपाट बिछाना होतो. १९४८ साली याच कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले ते कैरो, जिनिव्हा करीत लंडनला पोचले. आम्ही मात्र थेट, तेही निजून! गादी मी आधी चाचपून पाहिली. कापसाच्या मुलखातला माणूस. दुसरे काय करणार? आमच्या पिंजाऱ्याच्या गादीपुढे ती पातळच.

पण ते दार! एस. टी.त टेकतो न टेकतो तोच शेजारी विचारतो, “कोन्त्या गावचे हो तुमी?” अकोट येईस्तोवर दूरची सोयरीकही निघते. इथे नऊ-दहा तास कुणी कुणाचे नाही. सौभाग्यवती गेल्यापासून घरी बंद दारांची मला हौस उरलेली नाही. मी दार सताड उघडे ठेवले.

पलीकडच्या म्हाताऱ्या सरदारजींचेही उघडेच होते. मी शेंगदाण्याची चटणी पुढे केली.

“तेल्हारा कुठे आले?” त्यांनी हिंदीत विचारले.

मी मांडी घालून बसलो.