ध्वनीचा जमाखर्च

अलिबागच्या किनाऱ्यावरील चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली, ती मुंबईच्या गोंगाटापासून दूर जाण्यासाठीच. मात्र तो गोंगाट कानांना जाणवणारा नव्हता. मुंबईत विजेची ट्राम येणार आणि तिच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेच्या नाजूक नोंदी बिघडणार, हे संचालक नानाभाई मूस यांच्या काळातच ओळखले गेले. अलिबागची इमारत पोरबंदरी दगडात बांधली, लोखंड वर्ज्य केले आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या. ट्राम धावली १९०७ मध्ये. व्यापारी घराण्यांत यालाच आगाऊ तरतूद म्हणतात.

सभागृहालाही अशीच तरतूद लागते. समुद्रापलीकडे, नरिमन पॉइंटला एनसीपीएचे टाटा थिएटर १९८० मध्ये उभे राहिले. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. सुमारे हजार श्रोत्यांना गायकाचा आवाज ध्वनिक्षेपकाविना ऐकू यावा, हा हेतू. अशा वास्तूत रस्त्याचा आवाज जाड भिंती आणि दुहेरी दारे अडवतात. वातानुकूलनाची हवा रुंद मार्गांतून संथ सोडावी लागते, अन्यथा तीच तानपुऱ्यावर मात करते.

आतल्या आवाजाचा हिशेब मात्र अधिक अवघड. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सेबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या आणि प्रत्येक भरीस घुमणे किती घटते, ते मोजले. संगमरवर जवळजवळ सारी रक्कम परत करतो. गादी, पडदा आणि माणसे ती ठेवून घेतात. म्हणूनच रिकाम्या सभागृहात घेतलेली परीक्षा भरलेल्या सभागृहाला लागू पडत नाही.

हा विषय केवळ गायकांचा नाही. अनेक साधू-साध्वी प्रवचनात ध्वनिक्षेपक वापरत नाहीत. जुन्या उपाश्रयाचे लाकडी तक्तपोशीचे छत आणि सतरंज्या त्यांचा शब्द सांभाळून घेत. नव्या सभागृहात खाली चकचकीत संगमरवर, बाजूंना काच, वर सपाट स्लॅब! दात्यांच्या औदार्यात न्यून नसते. पण अंदाजपत्रकात फरशी, झुंबर, वातानुकूलन यांचे रकाने असतात, ध्वनीचा क्वचितच. मग चातुर्मासात शेवटच्या रांगेतील आजी हलकेच शेजारणीला विचारतात, “महाराजसाहेब आत्ता काय म्हणाले?”