शर्यत, थकवा आणि लोह

क्रीडाशिक्षक या नात्यानें ‘अंगचोर’ हा शब्द आम्हीं पुष्कळदां उच्चारिला असेल. परंतु एका विद्यार्थिनीस तो लाविल्याचा पश्चात्ताप आम्हांस अद्याप होतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत ही मुलगी नेहमीं पुढें असे. गतवर्षीं दिवाळीनंतर मात्र तिचा वेग मंदावला व लहानशा चढावरही तीस धाप लागूं लागली. आम्हीं सर्वांदेखत तीस बोल लाविला आणि रोजच्या फेऱ्या वाढविल्या. तिनें खालीं मान घालून त्या पुऱ्या केल्या. पुढें तिच्या मातोश्रींनीं तीस डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां तिच्या शरीरांतील लोहाचा सांठा अगदीं ओसरला असल्याचें कळलें.

घरीं पालेभाजी, नाचणी, खजूर यांची वाण नव्हती. मग लोह गेलें कोठें? या प्रश्नाचें जें उत्तर डॉक्टरांनीं दिलें, तें आमच्या वाचकांनींही ऐकण्याजोगें आहे.

प्रौढ मनुष्याच्या देहांत अवघें ३ ते ४ ग्रॅम लोह असतें. त्यांतील मोठा भाग रक्ताच्या तांबड्या पेशींत राहून प्राणवायु वाहण्याचें काम करितो. दीर्घ व कठोर श्रम झाले म्हणजे स्नायूंतून इंटरल्यूकिन-६ नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. दाह झाला असतां वाढणाऱ्या द्रव्यांपैकींच हें एक होय. त्याची सूचना मिळतांच यकृत हेप्सिडिन नांवाचें दुसरें द्रव्य अधिक निर्माण करितें, आणि आंतड्यांतून रक्तांत लोह जाण्याचा मार्ग तें अडवितें. हेप्सिडिनचें हें कार्य शास्त्रज्ञांस २००० सालानंतरच उमगलें. रोगजंतूंनाही लोह हवें असतें. म्हणून चोराची चाहूल लागतांच धनी कोठारास कुलूप घालतो, तसाच हा प्रकार आहे. श्रमानंतर सुमारें ३ ते ६ तासांनीं हें कुलूप सर्वांत घट्ट असतें, व त्या वेळीं खाल्लेल्या अन्नांतील लोह पुरतेपणीं अंगीं लागत नाहीं. शिवाय घामावाटे थोडें लोह जातें, टणक जमिनीवर पाय आपटून कांहीं तांबड्या पेशी फुटतात, आणि मुलींच्या बाबतींत मासिक स्रावाची भर पडते. आम्हीं वाढविलेल्या फेऱ्यांनीं तें कुलूप अधिकच आवळलें होतें!

यावरून व्यायाम सोडावा असें कोणीं समजूं नये. नियमित व मापांतला व्यायाम दीर्घकालीन दाह उलट कमी करितो. परंतु विसांव्याचे दिवस ठेवावे. पालकांनीं लोहयुक्त अन्न सकाळीं किंवा व्यायाम संपतांच द्यावें. त्यासोबत लिंबू वा आंवळा असावा, चहा नसावा. रक्ततपासणी शर्यतीच्या लागलीच दुसऱ्या दिवशीं करवूं नये. कारण लोहाचा सांठा दाखविणारें फेरिटिन दाहामुळेंही वाढतें, आणि रितें कोठार भरलेलें भासतें. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नयेत. अधिक लोहही अपाय करितें.

कांहीं महिन्यांनीं ती मुलगी पूर्ववत् धांवूं लागली. बोल आम्हीं सर्वांदेखत लाविला होता; म्हणून क्षमाही सर्वांदेखतच मागितली. आतां कोणी मागें पडलें, तर शिट्टी वाजविण्यापूर्वीं आम्ही जवळ जातों आणि प्रथम विचारतों, “बाळ, प्रकृति बरी आहे ना?”