आपण म्हणजे कोण?

मराठीच्या सर्वनामांत एक श्रीमंती आहे आणि रोज वापरत असूनही ती सहसा आपल्या ध्यानात येत नाही. प्रथमपुरुषी अनेकवचनासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘आम्ही उद्या मांडव्याहून बोटीने जाणार आहोत’ असे म्हटले की ऐकणारा धक्क्यावरच राहतो. ‘आपण उद्या बोटीने जाऊ’ म्हटले की त्यालाही बोटीत जागा मिळते. तेलुगूत मेमु आणि मनमु, गुजरातीत अमे आणि आपणे असा हाच भेद आहे. हिंदीच्या ‘हम’ला किंवा इंग्रजीच्या ‘वुई’ला तो करता येत नाही. मराठीने मात्र ‘आपण’वर आणखी एक काम सोपवले आहे. ‘आपण कधी आलात?’ या वाक्यात तो आदरार्थी द्वितीय पुरुष होतो. म्हणजे हाच शब्द कधी ‘तुम्ही आणि मी मिळून’ असतो, तर कधी ‘केवळ तुम्ही’. कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भ सांगतो, असे मी गेली पंचवीस वर्षे वर्गात शिकवीत आले आहे. त्या दोन अर्थांमध्ये माणसाची नोकरी अडकलेली असू शकते, हे एका परिचारिकेने आणलेल्या दोन कागदांमुळे समोर आले.

अलिबागच्या आमच्या अभ्यासकेंद्रात रविवारी संपर्कसत्रे होतात. येणारे विद्यार्थी बहुधा नोकरी करणारे. रात्रपाळी संपवून, तोंडावर पाणी मारून थेट वर्गात बसणाऱ्या परिचारिका असतात. औषध कंपनीचा एखादा एमआर असतो. रोह्याकडच्या रसायन कारखान्यातला पाळीचा कामगार असतो. अशा वर्गाला क्रमिक पुस्तकातली वाक्ये देऊन प्रयोग ओळखायला सांगणे मला बरे वाटत नाही. रामाने आंबा खाल्ला, हे त्यांना शाळेपासून पाठ आहे. म्हणून मी सांगितले, कामाच्या ठिकाणचा एखादा लेखी कागद आणा; त्यातली सर्वनामे आणि प्रयोग ओळखा.

त्या परिचारिकेने दोन कागद आणले. दोन्ही ती नोकरी करीत असलेल्या खाजगी रुग्णालयाचे, दोन्हींवर एकाच अधिकाऱ्याची सही. पहिला वर्धापनदिनाच्या निवेदनाचा होता: आपण सारे एक कुटुंब आहोत, सेवेचा हा वारसा आपण मिळून पुढे नेऊ. दुसरा आठ महिन्यांनंतरचा, म्हणजे मेमो: आपण रात्रपाळीत कर्तव्यावर असताना निष्काळजीपणा केला आहे, आपणांवर शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा ४८ तासांत सादर करावा. तिने दोन्ही कागदांवरच्या ‘आपण’भोवती लाल शाईने गोल केले होते. ‘मॅडम, हे दोन्ही एकच सर्वनाम धरायचे का?’ एवढेच तिने विचारले.

घडले होते ते थोडक्यात असे. त्या रात्री ३४ खाटांसाठी दोघीजणी होत्या. एका रुग्णाचा सलाइनचा पंप बंद पडला आणि औषध सुमारे पाऊण तास उशिरा गेले. रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण नातेवाइकांनी तक्रार केली. तो पंप नादुरुस्त आहे, अशी नोंद तिने त्यापूर्वी तीन वेळा वॉर्डच्या वहीत केली होती. वरिष्ठांना तोंडी सांगितले तेव्हा ‘आहे त्यात भागवा, सिस्टर’ असे उत्तर मिळाले होते. मेमोत या वहीचा उल्लेख नव्हता.

एमआरने तिसरे सर्वनाम पुरवले. त्यांच्या कंपनीच्या मासिक बैठकीत टार्गेट हुकलेल्यांना नाव पुकारून उभे करतात. तो म्हणाला, ‘महिन्याच्या सुरुवातीला ते आपले टार्गेट असते. गाठले की वरचे लोक म्हणतात, आम्ही गाठले; हुकले की तुमचे हुकले.’ वर्ग हसला. एका कंपनीची कार्यसंस्कृती इतक्या कमी शब्दांत सांगणारा अहवाल मी अद्याप वाचलेला नाही.

मग आम्ही क्रियापदांकडे वळलो. ‘-ण्यात येणे’ ही कार्यालयीन मराठीची लाडकी रचना आहे. रजा रद्द करण्यात येत आहेत, कर्मचारीसंख्या कमी करण्यात आली आहे, यंत्रसामग्रीचा प्रस्ताव विचाराधीन ठेवण्यात आला आहे. या वाक्यांत कर्ता सांगण्याची सोय असते, सक्ती नसते. आणि सक्ती नाही म्हटल्यावर तो कोण सांगेल? गंमत अशी की ‘आपण निष्काळजीपणा केला’ हेही वाक्य कर्मणी प्रयोगाचेच आहे. तिथे क्रियापद ‘निष्काळजीपणा’प्रमाणे चालते आणि ‘आपण’ हा तृतीयेतला कर्ता असतो. तेव्हा कर्मणी प्रयोगाला दोष देऊन भागत नाही. फरक आहे तो हजेरीचा. निर्णयाच्या वाक्यात कर्ता गैरहजर असतो आणि दोषाच्या वाक्यात तो नावगावासह उभा असतो.

कारखान्यातला विद्यार्थी या वेळी प्रथमच बोलला. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी आमच्याच जिल्ह्यात, महाडच्या औद्योगिक वसाहतीत, ब्लू जेट हेल्थकेअर या कंपनीच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार मृत्युमुखी पडले. ‘स्फोट झाला’ यात कर्ता कोणता, असे त्याने विचारले. व्याकरणाचे उत्तर ‘स्फोट’ असे आहे. मी ते दिले. त्याने वहीत लिहून घेतले आणि पेनाचे टोपण लावून तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला.

सरकारी रुग्णालयांतही चित्र फार निराळे नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. १० अर्भके दगावली, ७ वाचवता आली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. पण पुढे पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. वरिष्ठांवर निलंबनाची कारवाई झाली. अटक मात्र झाली एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. राज्यभरातल्या परिचारिका रस्त्यावर आल्या. त्या रात्री कोणाचे काय चुकले, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मला त्या परिचारिकांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: इमारतीची वीजजोडणी आणि अग्निशमनाची व्यवस्था ही जबाबदारी खाटेशेजारी उभ्या असलेल्या बाईची केव्हापासून झाली?

अशा ठिकाणी माणसे हळूहळू लिहिणे सोडतात. वहीत नोंद केली तर ‘तुम्हांला ठाऊक होते, मग काय केलेत?’ आणि नाही केली तर ‘कळवले का नाही?’ अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधिकेला १९९०च्या दशकात रुग्णालयांतील औषधविषयक चुकांचा अभ्यास करताना एक कोडे पडले. ज्या विभागांचे नेतृत्व चांगले आणि माणसांचे परस्परसंबंध सलोख्याचे, तिथे चुका कमी असाव्यात अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांत चुकांच्या नोंदी अधिक होत्या. शोध घेतल्यावर ध्यानात आले, की तिथे चुका अधिक होतात असे म्हणण्यापेक्षा त्या अधिक सांगितल्या जातात. इतर ठिकाणी धाकामुळे त्या लपवल्या जात होत्या. १९९६ मध्ये तिने हा अभ्यास प्रसिद्ध केला. कोऱ्या वहीवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक अधिसेविकेने आणि व्यवस्थापकाने तो वाचावा, असे मला वाटते. कोरी वही हे पुष्कळदा भित्र्या वॉर्डचे लक्षण असते.

‘आपण’ खरा करून दाखवणारी माणसे याच क्षेत्रात होऊन गेली आहेत, आणि ती बहुधा खालच्या पायरीवरची होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानभाग या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. खटला चालला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्यात आलाच नाही. सुरक्षित परिस्थितीत काम करता यावे, यासाठी परिचारिकांनी त्या वेळी संप केला. आणि मग त्यांनी आपल्या या सहकारिणीला सांभाळले, पाळी बदलली, पिढी बदलली तरी, १८ मे २०१५ रोजी तिचा मृत्यू होईपर्यंत. तिला रुग्णालयातून हलवण्याचे प्रयत्नही त्यांनी हाणून पाडले. तिला दयामरण द्यावे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा, ७ मार्च २०११ च्या निकालात, तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. कायद्यात अशा व्यक्तीला वादमित्र म्हणतात. शब्द कोरडा आहे, पण मला तो आवडतो.

आमच्या विद्यार्थिनीने आपला खुलासा मला शुद्धलेखन तपासण्यासाठी दाखवला. अनुभवी सहकाऱ्यांनी तिला सल्ला दिला होता, की ‘अनवधानाने घडले, पुन्हा घडणार नाही’ एवढेच लिहून मोकळी हो. तिने तसे लिहिले नव्हते. ‘त्या रात्री मी आणि माझी एक सहकारी कामावर होतो. पंप बंद पडल्याचे मी पाहिले. मी हाताने औषध सुरू केले. पंपाविषयी मी यापूर्वी तीन वेळा नोंद केली होती.’ पुढे तिन्ही तारखा आणि वहीचे पृष्ठक्रमांक. प्रत्येक वाक्यात कर्ता जागेवर होता. मी दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि एक अनुस्वार दिला.

खुलाशाला उत्तर आले नाही. पुढच्या महिन्याच्या ड्यूटीच्या यादीत तिचे नाव सलग तीन आठवडे रात्रपाळीत होते, आणि त्या मुदतीतच तिने दुसऱ्या वर्षाचा स्वाध्याय पूर्ण करून पाठवला. दरम्यान वॉर्डात नवा पंप आला. त्यासंबंधीचे परिपत्रक तिने मला आठवणीने आणून दाखवले. त्यात लिहिले होते: रुग्णांच्या सोयीसाठी पंप उपलब्ध करून देण्यात आला आहे.