पट्ट्याने दिलेले अरण्य
(प्रवासाची दैनंदिनी : हप्ता तिसरा)

डार्विन (ऑस्ट्रेलिया), सोमवार
विमान तीन तास उशिरा. भोजन 24 डॉलर, गाडीची अनामत 500. माश्या असह्य.

जबिरू, मंगळवार
अडीचशे किलोमीटर. पेट्रोल 88, काकडू राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश-परवाना 40. माश्या.
येथील बऱ्याच जमिनीचे मालक बिनिंज आणि मुंगुय लोक. सरकार पट्टेदार, आणि व्यवस्थापन मंडळात बहुमत मूळ मालकांचे. परंतु कागदावरची मालकी आणि निर्णयाचा अधिकार यांच्यामधले अंतर केवढे असू शकते, हे उलुरूने दाखविले आहे: 1985 साली तेथील स्वामित्व परत मिळाले, त्याच दिवशी ते 99 वर्षांच्या पट्ट्याने सरकारकडे सोपविण्यात आले, आणि त्या पवित्र खडकावर चढू नये या मालकांच्या विनंतीस मनाईचे रूप येण्यास 2019 उजाडावे लागले.

जबिरू, बुधवार
अंग मोडून आले आहे, तरी सविस्तर लिहितो. येथे वर्षाचे सहा ऋतू मानतात. त्यांतला येग्गे, म्हणजे पाऊस सरून गवत वाळू लागण्याचा काळ, हा रान जाळावयाचा. साठी उलटलेल्या एका रेंजर बाईंनी वारा पाहिला, गवताची काडी मोडून तिचा ओलावा अजमावला, आणि नकाशा हाती धरलेल्या अधिकाऱ्यास, ओढ्यापलीकडची झाडी दुसऱ्या कुळाची असून त्यांना विचारल्यावाचून तेथे आग लावता येणार नाही, असे शांतपणे सांगून अलीकडच्याच गवताला काडी लावली. ज्वाळा गुडघ्यापर्यंतच, रात्री दंवाने विझतील. हेच गवत ऑक्टोबरापर्यंत राहिले, तर वणवा झाडांचे शेंडेही सोडीत नाही. अधिकाऱ्याने नकाशावरील खूण मुकाट्याने खोडली. ज्या सहकार्याविषयी इतके अहवाल वाचले, ते मला त्या खोडण्यात प्रथम दिसले.

गुरुवार
आर्नहेम प्रदेशाच्या परवान्याचा कागद दुपारी हाती आला. तिकडे जाण्याच्या वाटेवरील नदीचा उतार भरतीत बुडालेला. मगरी पाहत दोन तास. जेवण नाही.

गुनबलान्या, शुक्रवार
पश्चिम आर्नहेममध्ये 2006 साली करार झाला: सुमारे 28,000 चौरस किलोमीटर पठारावर मूळ मालकांनी ऋतूच्या आरंभी सौम्य आगी लावाव्या, त्यामुळे उशिराच्या वणव्यांतून सुटणारे मिथेन व नायट्रस ऑक्साइड घटावे, आणि डार्विनच्या वायू-प्रकल्पाने त्याबद्दल वर्षाकाठी सुमारे दहा लक्ष डॉलर द्यावे. पैसा कंपनीचा असला, तरी कोठे आणि केव्हा जाळावयाचे हे ज्ञान बार्डायल नाडजामेरेक यांच्यासारख्या वृद्धांचे. ते ज्ञान नसते, तर कंपनीला विकत घेण्याजोगे येथे काहीच नव्हते.
गडचिरोलीच्या मेंढा-लेखाची आठवण दिवसभर पाठ सोडीना. तेथेही 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. मात्र बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेने स्वतः द्यावा, एवढ्यासाठी 2011 पर्यंत झगडावे लागले. हक्क देणाऱ्यांनी शिक्का आपल्याकडे का ठेवावा, याचे समाधानकारक उत्तर मला दोन्ही देशांत मिळालेले नाही.
उद्या ओहोटी सकाळी, लवकर निघणे.